रिकामी दिसणारी स्लाइड

"काका, हितं तर काहीच दिसंना."

मुरुडच्या घराच्या ओसरीवर मायक्रोस्कोप मांडला होता. दिवाळीची सुट्टी होती. लातूरला खोली करून नीटची तयारी करणारी गल्लीतली चार-पाच पोरं गावी आली होती. मी वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र शिकवतो हे त्यांना ठाऊक असल्यानं ‘येताना स्लाइडी आणा’ असा निरोप आधीच पोचला होता. कातडीची स्लाइड सगळ्यांना आवडली, आतड्याचीही आवडली. तिसरी लावली तेव्हा अकरावीतल्या एका मुलीनं डोळा लावला, बारीक फोकसचा स्क्रू मागंपुढं फिरवला, ओढणीनं भिंग पुसलं आणि वरचं वाक्य म्हणाली.

स्लाइड बरोबर होती, फोकसही लागला होता. तिला जे दिसत होतं तेच तिथं होतं. फिकट, ढगाळ पसारा आणि त्यात लांब लांब विखुरलेले जांभळे ठिपके. तो माणसाच्या नाळेचा आडवा छेद होता. स्लाइड सरकवत नेली की रक्तवाहिन्यांची तीन जाड भोकं लागतात, पण हिची नजर नेमकी त्यांच्या मधल्या मोकळ्या भागावर पडली होती. मला तोच भाग दाखवायचा होता. भ्रूणीय संयोजी ऊती ओळखण्याची पहिली खूण हीच, की पाहणाऱ्याला वाटतं इथं काही नाहीच.

वर्गातही मुलं चुकतात ती इथंच. ऊती ओळखायची म्हटलं की ती पेशी शोधायला लागतात. पेशी चौकोनी आहे की चपटी, केंद्रक गोल की लांबट, पट्टे आहेत की नाहीत, हे सगळं पाहतात. इतर ऊतींना ते चालून जातं. भ्रूणीय संयोजी ऊतीत मात्र पेशीकडे पाहून भागत नाही, कारण तिथल्या पेशीनं अजून काहीच ठरवलेलं नसतं. तिथं पाहायची ती दोन पेशींमधली जागा. ती किती आहे, तिच्यात काय भरलं आहे आणि काय अजून आलेलं नाही, एवढं पाहिलं की उत्तर सापडतं.

ऊतींची वर्गवारी करणारा पहिला मोठा माणूस मायक्रोस्कोपशिवायच ते काम करून गेला. फ्रान्सचा झाव्हिए बिशा. त्यानं प्रेतं उघडून, अवयव उकळून, सुकवून, आम्लात भिजवून, हातानं चोळून माणसाच्या शरीरातल्या 21 ऊती वेगळ्या मांडल्या. 1802 साली तो गेला तेव्हा अवघा 30 वर्षांचा होता. पुढं मायक्रोस्कोप सुधारला, पेशी दिसायला लागली, आणि बिशाच्या 21 ऊती आवळून चार झाल्या. आपली मुलं नववीत शिकतात त्याच त्या चार : अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता.

ओसरीवर मी पोरांना या चारांचा फरक शेताच्या भाषेत सांगितला, कारण शेत सगळ्यांनी पाहिलेलं. अभिस्तर ऊती म्हणजे ज्वारीचं भरलेलं कणीस. दाण्याला दाणा चिकटलेला, मधे सुई घालायला जागा नाही. एका बाजूला मोकळा पृष्ठभाग, दुसऱ्या बाजूला पेशी जिच्यावर बसतात ती पातळ पटलाची बैठक. या ऊतीत रक्तवाहिनी शिरत नाही. स्नायू ऊती म्हणजे उसाची मोळी, लांबच लांब पेशी एका दिशेनं बांधलेल्या. चेता ऊतीत पेशीला दूरवर जाणाऱ्या शाखा फुटलेल्या, आणि मधली जागा आधार देणाऱ्या पेशींनी व शाखांच्या गुंत्यानं गच्च भरलेली. या तिन्हींत पेशी मुख्य आहे आणि मधली जागा नाममात्र. संयोजी ऊतीत हे प्रमाण उलटं होतं. तिथं पेशी म्हणजे काळ्या रानात लांब लांब उभी असलेली झाडं. रान मुख्य. पुस्तकात या रानालाच आधारक म्हणतात. हाडात ते रान चुन्यासारखं कडक असतं, कूर्चेत रबरासारखं चिवट, स्नायुबंधात दोरखंडासारखं आणि रक्तात चक्क पातळ.

या सगळ्या संयोजी ऊतींचं मूळ एकच. गर्भाचं ते कोवळं, न ठरलेलं रान. त्याला मेसेन्काइम म्हणतात. 1880च्या दशकात जर्मनीतल्या ऑस्कर हेर्टविगनं हे नाव रूढ केलं.

मेसेन्काइम येतं कुठून, हे कळलं की ते ओळखणं सोपं जातं, म्हणून मी इथं थोडा थांबतो. गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात गर्भ म्हणजे एक चपटी, दुहेरी चकती असते. तिच्या पेशी कणसातल्या दाण्यांसारख्या एकमेकींना धरून असतात, म्हणजे अभिस्तरच. मग चकतीच्या मध्यरेषेवर एक चर उमटते. तिथल्या पेशी शेजारणींचा हात सोडतात, खालची बैठक विरघळवतात, आपला आकार बदलतात आणि दोन थरांच्या मधे उतरून पसरायला लागतात. बाह्यस्तर, मध्यस्तर आणि अंतःस्तर असे तीन थर यातूनच तयार होतात. एका जागी बांधलेल्या पेशीनं सुटून हिंडायला लागणं ही घटना हार्वर्डच्या एलिझाबेथ हे यांनी कोंबडीच्या गर्भावर काम करून नीट उलगडली. हाताला धरून रांगेत उभी असलेली पेशी रांग सोडते आणि वाट काढत निघते, इतकी मोठी ही उलथापालथ आहे. माणसाचं सगळं हाड, सगळी कूर्चा, चरबी, रक्तवाहिन्या, बहुतेक स्नायू अशा हिंडणाऱ्या पेशींतून पुढं तयार होतात.

एक गोष्ट मात्र विद्यार्थी हमखास विसरतात. सगळं मेसेन्काइम मध्यस्तरातूनच येतं असं नाही. डोक्याच्या आणि चेहऱ्याच्या भागातलं बरंच मेसेन्काइम चेतानलिकेच्या कडेवरून निघतं, म्हणजे बाह्यस्तरातून. आपल्या जबड्याचं हाड आणि मेंदूचा एखादा पेशीसमूह यांचा पणजोबा एकच असू शकतो. म्हणून ‘मध्यस्तर’ आणि ‘मेसेन्काइम’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. मध्यस्तर हे पत्त्याचं नाव आहे, मेसेन्काइम हे राहणीचं.

आता ती राहणी जवळून पाहू. मोठ्या भिंगाखाली मेसेन्काइमची पेशी चांदणीसारखी किंवा चातीसारखी दिसते. शरीर लहान, त्यातून बारीक बारीक फाटे निघालेले, आणि त्या फाट्यांची टोकं शेजारणीच्या फाट्यांना टेकलेली. केंद्रक अंडाकृती आणि पेशीच्या मानानं मोठं. त्यातलं रंगसूत्रांचं द्रव्य बारीक पूड भुरभुरल्यासारखं, आणि मधे केंद्रिका ठळक. कामाच्या तयारीतल्या पेशीचं केंद्रक असंच उजळ असतं. भोवतीचं पेशीद्रव्य इतकं फिकट की पेशीची हद्द कुठं संपते ते पटकन कळत नाही. मधल्या जागेत दाट, पाणीदार द्रव. तंतू अगदी थोडे, तेही केसासारखे बारीक.

आणि सगळ्या पेशींचा तोंडवळा एक. ही खूण मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण मेसेन्काइमशी ज्या ऊतीचा घोटाळा सर्वाधिक होतो तिला ती अचूक वेगळी काढते. आपल्या कातडीखाली, आतड्याच्या पडद्यात जी सैल संयोजी ऊती असते तीही विरळ असते, तिच्यातही मोकळी जागा असते. नवख्या डोळ्याला दोन्ही सारख्या. पण सैल संयोजी ऊती म्हणजे आठवडी बाजार. तंतू बनवणारी, जंतू गिळणारी, खाज आणणारी रसायनं पोटात भरलेली, चरबीचा थेंब घेऊन फुगलेली, अशा नाना तऱ्हेच्या पेशी तिथं एकत्र आलेल्या असतात. शिवाय गुलाबी, नागमोडी तंतूंच्या जाड पेंढ्या. मेसेन्काइममध्ये अजून बाजार भरलेला नाही. सगळ्या एका घरच्या दिसतात.

आणखी एक युक्ती आहे, जी मी प्रत्येक तुकडीला सांगतो. स्लाइडवर कुठंतरी लहानशी रक्तवाहिनी शोधा आणि तिच्यातल्या तांबड्या पेशी पाहा. तुमच्या-माझ्या तांबड्या पेशींना केंद्रक नसतं. कोवळ्या मानवी गर्भात मात्र पहिल्या तांबड्या पेशी गर्भाबाहेरच्या पीतक कोशात तयार होतात, आणि त्या रक्तप्रवाहात येतात तेव्हा त्यांना केंद्रक असतं. रक्तवाहिनीत जांभळ्या ठिपक्यांच्या तांबड्या पेशी दिसल्या की समजावं, ऊती गर्भाची आहे. कोंबडीच्या स्लाइडवर ही युक्ती चालत नाही, कारण पक्ष्यांच्या तांबड्या पेशींना जन्मभर केंद्रक असतं. हे सांगायला विसरलो तर मुलं कोंबडीच्या पिसाच्या मुळालाही गर्भ ठरवतात.

सर्वांत फसवी जागा दाताच्या कळीत आहे. जबड्यात दात तयार होताना त्याच्या टोपीसारख्या भागात, आतल्या बाजूला, चांदणीसारख्या पेशींचं सुंदर जाळं असतं. मधे भरपूर द्रव, फाटे एकमेकांना टेकलेले. पाहताक्षणी कुणीही म्हणेल, मेसेन्काइम. ती अभिस्तर ऊती आहे. तोंडाच्या आतल्या अस्तरातून खाली उतरलेली, आणि पेशींच्या मधे द्रव साठल्यामुळं ताणली जाऊन चांदण्यांसारखी झालेली. शेजारणींना धरलेले घट्ट टाके तिनं अजून सोडलेले नाहीत, म्हणूनच त्या टाक्यांपाशी ती टोकदार दिसते. आणि तिच्या पोटात अभिस्तराचं प्रथिन, केरॅटिन, असतं. खरं मेसेन्काइम याच टोपीच्या खाली, खोलगट भागात असतं, आणि त्यातून दाताचा गर होतो. चार बोटांच्या अंतरावर असल्यासारखी दोन जुळी चित्रं, पण कूळ वेगळं. इतकी वर्षं शिकवूनही ही स्लाइड लावताना मी स्वतः आधी टोपीची बाहेरची कड शोधतो, मगच बोलतो.

नुसत्या आकारावर विसंबता येत नाही म्हणून रंग आले. नेहमीचे दोन. मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडापासून निघणारं हिमॅटॉक्सिलिन केंद्रकाला जांभळं करतं. इओसिन तंतूंना आणि पेशीद्रव्याला गुलाबी करतं. या दोन रंगांत मेसेन्काइम फिकटच राहतं, कारण रंग धरण्याजोगं त्यात थोडंच असतं. शिवाय स्लाइड बनवताना ऊतीचा तुकडा अल्कोहोलमधून काढावा लागतो. त्यातलं पाणी निघून जातं, द्रवही थोडा वाहून जातो. म्हणजे मुलीला दिसलेला रिकामेपणा काही अंशी आपणच केलेला असतो. त्याच छेदावर अल्शियन ब्ल्यू नावाचा रंग घातला की मोकळी वाटणारी सगळी जागा आकाशी निळी होते. जिथं काही नाही म्हणत होतो तिथं साखरेच्या लांब साखळ्यांनी धरून ठेवलेलं पाणीच पाणी होतं, हे तेव्हा दिसतं.

त्या साखळ्यांत मुख्य म्हणजे हायल्युरोनिक आम्ल. 1934 साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ते पहिल्यांदा वेगळं काढलं ते गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक द्रवातून. हे आम्ल आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून बसतं, आणि त्या पाण्यातून कोवळ्या पेशींना सरकायला वाट मिळते. कोंबड्याच्या तुऱ्यातही हेच भरलेलं असतं. गावातल्या कुठल्याही उकिरड्यावर ऐटीत फिरणारा कोंबडा डोक्यावर जो लालभडक, लुसलुशीत तुरा घेऊन हिंडतो, त्याच्या कातडीखाली नाळेतल्या ऊतीची सख्खी बहीण असते. औषधासाठी लागणारं हायल्युरोनिक आम्ल बराच काळ तुऱ्यांतूनच काढलं जात होतं.

आजच्या रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत रंगांच्या पुढं जाऊन पेशीच्या आतल्या प्रथिनांची ओळख पटवतात. अभिस्तराला केरॅटिन, स्नायूला डेस्मिन, चेतापेशीला तिचे स्वतःचे तंतू, आणि मेसेन्काइमच्या कुळाला व्हायमेंटिन. कर्करोगाची गाठ अभिस्तरातून निघाली आहे की संयोजी कुळातून, हे ठरवायला याचा उपयोग होतो, आणि उपचार त्यावर ठरतात. पण एकट्या व्हायमेंटिनवर निर्णय देऊ नये. गर्भात जी रांग सोडण्याची घटना घडते तीच कर्करोगाची पेशी पसरताना उचलते, आणि मग अभिस्तराच्या पेशीतही व्हायमेंटिन सापडतं.

आता पुन्हा नाळेकडे येऊ. भ्रूणीय संयोजी ऊतीचे दोन प्रकार धरतात. पहिला मेसेन्काइम, जो आतापर्यंत पाहिला. तो गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत असतो आणि पुढं ठराविक ऊतींत रूपांतरित होतो. दुसरा श्लेष्मल संयोजी ऊती. ही मेसेन्काइमच्या पुढची पायरी. पेशी अजून विरळ झालेल्या, बऱ्याचशा चातीच्या आकाराच्या, आणि मधला द्रव घट्ट होऊन जेलीसारखा. तंतू मेसेन्काइमपेक्षा जास्त, पण पेंढ्या बांधण्याइतके नाहीत. तिचा सर्वांत मोठा साठा नाळेत असतो. 1656 साली लंडनच्या थॉमस व्हार्टन या वैद्यानं शरीरातल्या ग्रंथींवर एक ग्रंथ लिहिला, त्यात नाळेतल्या या लगद्याचं वर्णन आलं, म्हणून तिला व्हार्टनची जेली म्हणतात.

माणसाच्या नाळेत दोन धमन्या आणि एक शीर. मुळात शिरा दोन असतात, त्यातली उजवी लवकर नाहीशी होते. भरल्या दिवसांची नाळ साधारण 50 ते 60 सेंटिमीटर लांब आणि एक ते दोन सेंटिमीटर जाड असते, आणि तिला साधारण दर पाच सेंटिमीटरला एक पीळ असतो, बहुतेकदा डावीकडचा. बाहेरून एका थराचं पातळ अस्तर, आत सगळी जेली. चेतातंतू नाही, लसिकावाहिनी नाही, जेलीला स्वतःच्या केशवाहिन्याही नाहीत. म्हणून नाळ कापताना ना आईला दुखतं, ना बाळाला. जेलीचं काम एकच, तीन रक्तवाहिन्यांना दाब लागू न देणं. पोटात बाळ कोलांट्या मारतं, नाळ गळ्याभोवती येते, क्वचित, शंभरात सुमारे एकदा, तिला खरीखुरी गाठही बसते. तरीही बहुतेक बाळं सुखरूप जन्मतात, कारण जेली गाठ आवळू देत नाही.

हे पोरांना सांगत होतो तेव्हा शेजारच्या आज्जी ओसरीच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. गल्लीतली निम्मी पिढी त्यांच्या हातून जन्मली. दवाखाना जवळ आल्यावर त्यांनी ते काम सोडलं, पण बाळंतिणीच्या पाचवीला अजून त्यांनाच आधी बोलावतात. मी नाळेचं चित्र काढून जेली दाखवली तर म्हणाल्या, "त्याला काय बघायचं रे. नाळ जाडजूड, तुळतुळीत असली की लेकरू बाळसंदार. नाळ सुतळीवानी वाळकी आली की मी आधीच म्हणायची, हे लेकरू जपावं लागंल." मायक्रोस्कोप न पाहता त्यांनी जे सांगितलं ते प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकात आहे. वाढ खुंटलेल्या बाळांच्या नाळेत जेली कमी असते, आणि सोनोग्राफीत नाळ बारीक दिसली तर डॉक्टर सावध होतात.

आपल्याकडं ‘नाळ जुळली’, ‘नाळ तुटली’ असं म्हणताना आपण नात्याबद्दल बोलतो. ज्यांची वार आणि नाळ घराच्या अंगणात पुरली गेली त्या पिढीला गावाची ओढ त्या खड्ड्याशी जोडून सांगता यायची. मी त्याच पिढीतला. माझीही इथंच पुरलेली, हे आई सांगायची.

जेली हातात घेऊन बघायची संधी त्याच सुट्टीत आली. चुलतभावाच्या आखाड्यावर देवणी गाय व्याली. वानेरा वाण, अंग पांढरं आणि तोंड काळं. पोरांना घेऊन गेलो तेव्हा वासराचे पुढचे पाय आणि नाक बाहेर आलेलं. गाय उभी राहिली, एक मोठी कळ आली, आणि वासरू घसरत खाली पडलं. नाळ त्या पडण्यातच तुटली. गाईची नाळ आखूड असते, त्यामुळं ती कापावी लागत नाही. तुटल्याबरोबर दोन्ही धमन्या आखडून वासराच्या पोटात ओढल्या गेल्या, बेंबीला वीतभर ओलं, चकाकणारं टोक लोंबत राहिलं. माणसाच्या नाळेत एक शीर असते, गाईच्या नाळेत दोन, पोटात शिरल्यावर त्यांची एक होते. भावानं हात धुतले, त्या टोकाला टिंक्चर आयोडीन लावायच्या आधी मी पोरांना ते बोटाच्या चिमटीत धरायला लावलं. कोरफडीचं पान सोलून गर हातात घ्यावा तसा स्पर्श. दाबलं की सरकतं, सोडलं की पूर्ववत. "काका, हेच का ते रिकामं?" अकरावीतल्या त्या मुलीनं विचारलं.

तेच. आणि ते तसंच उघडं राहिलं तर शेणामातीतले जंतू त्याच वाटेनं आत जातात. वासराची बेंबी सुजते, मग सांधे सुजतात, आणि चांगलं देवणी वासरू आठवड्याभरात जातं. आयोडीनची वाटी गोठ्यात हाताशी असावी, हे आमच्या भागात आता बऱ्याच जणांना ठाऊक झालं आहे. माणसाच्या बाळाच्या बाबतीत नाळ किमान एक मिनिट तरी थांबून बांधावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळाकडे येतं आणि त्यातलं लोह पुढचे महिने त्याला पुरतं. रक्त कमी असलेल्या बायांच्या आपल्या भागात ते मिनिट मोलाचं आहे.

नाळेच्या नावानं आज एक वेगळीच गोष्ट घरोघर पोचली आहे, आणि ऊतींमधला फरक न कळल्यानं लोक तिथं फसू शकतात. पोटुशी मुलगी तपासणीला गेली की तिच्या हातात नाळ साठवून ठेवण्याची माहितीपत्रकं पडतात. त्यात नाळेतलं रक्त आणि नाळेची ऊती हे दोन्ही एका दमात लिहिलेलं असतं. हे दोन वेगळे आहेत. रक्तातल्या मूलपेशी रक्तच बनवतात. 1988 साली पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमान यांनी अशा रक्ताचं पहिलं रोपण एका मुलावर केलं आणि तेव्हापासून रक्ताच्या काही आजारांत ते उपयोगी ठरलं आहे. व्हार्टनच्या जेलीतल्या पेशी वेगळ्या. त्या प्रयोगशाळेच्या डबीत वाढवल्या तर त्यांच्यापासून हाड, कूर्चा, चरबी तयार करता येते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे यांच्यासारख्या संशोधकांनी मूलपेशींवर दीर्घ काळ काम केलं आहे. पण या पेशींचा उपचार म्हणून उपयोग अजून संशोधनाच्याच पायरीवर आहे. म्हणून 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं आणि जैवतंत्रज्ञान विभागानं स्पष्ट लिहिलं, की साठवणुकीला परवानगी आहे ती फक्त नाळेतल्या रक्ताच्या. नाळेची ऊती, वार, दात यांच्या व्यावसायिक साठवणुकीला नाही.

नावाचाही घोळ आहे. 1991 मध्ये अर्नोल्ड कॅप्लान या अमेरिकी शास्त्रज्ञानं मोठ्या माणसाच्या हाडाच्या गरातून मिळणाऱ्या अशा पेशींना ‘मेसेन्काइमल स्टेम सेल’ म्हटलं आणि ते नाव जगभर चिकटलं. त्यामुळं बऱ्याच जणांना वाटतं, गर्भातलं मेसेन्काइम आपल्यात जसंच्या तसं शिल्लक आहे आणि हवं तेव्हा त्यातून नवा अवयव घडवता येईल. तसं नाही. 2017 मध्ये कॅप्लान यांनी स्वतःच लिहिलं, की हे नाव बदला. या पेशी नवीन ऊती बनवण्यापेक्षा शेजारच्या पेशींना औषधी संदेश देतात, हे तोवर दिसून आलं होतं. आपणच दिलेलं, जगानं उचललेलं नाव मागं घ्यायला मन मोठं लागतं. मला त्या माणसाबद्दल त्यामुळं फार आदर वाटतो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पोरं पुन्हा ओसरीवर जमली. पेटीत शेवटची स्लाइड राहिली होती, कोंबडीच्या पाच-सहा दिवसांच्या गर्भातल्या पंखाच्या कळीची. टोकाकडं कोवळं मेसेन्काइम, मुळाकडं तयार होऊ लागलेली कूर्चा. कूर्चा कशी ओळखायची ते सांगून झालं होतं. पेशी आपापल्या खळगीत एकट्या किंवा जोडीनं बसलेल्या, भोवती निळसर, कडक आधारक, फाटे आखडून घेतलेले. त्या मुलीला मी काम दिलं, मेसेन्काइम कुठं संपतं आणि कूर्चा कुठं सुरू होते तिथं वहीत रेघ मार.

ती बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसली. टोकाकडून सुरुवात केली. तिथं पेशी लांब लांब, फाट्यांना फाटे टेकलेले. मग स्लाइड मुळाकडं सरकवायला लागली. पेशी हळूहळू जवळ आल्या, गोल झाल्या, एका पट्ट्यात तर इतक्या दाटल्या की मधलं रान जवळजवळ संपलं. त्याच्यापुढं त्या पुन्हा दूर व्हायला लागल्या होत्या, पण आता मधे नवा, निळसर पदार्थ आला होता आणि प्रत्येक पेशीभोवती खळगी उमटत होती. ती मागं गेली, पुन्हा पुढं आली. दोनदा पेन्सिल टेकवली आणि दोनदा खोडलं.

शेवटी वही माझ्यापुढं केली. पानभर ठिपके होते. उजवीकडं विरळ, मधे दाट, डावीकडं पुन्हा मोकळे आणि प्रत्येकाभोवती गोल. रेघ कुठंच नव्हती. "काका," ती म्हणाली, "कुठं मारू?"

मी तिच्या हातून पेन्सिल घेतली आणि दाट ठिपक्यांच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘इथं ठरतंय’. मग तिला पुन्हा भिंगाला डोळा लावायला सांगितला.